येऊरला निघण्याआधी: मीठ घेतलंत का?

बूट, टोपी, मोबाइल हे सांगायला नको. मीठ घ्या. गेल्या मे महिन्यात मी दोन लिटर पाणी पाठीवर घेऊन ठाण्यातल्या उपवन तलावापासून येऊरचा डोंगर चढले. वर पाटोणपाडा वस्तीपर्यंत बहुतेक पाणी संपवलंसुद्धा, शहाण्यासारखं. उतरताना डोकं ठणकायला लागलं, मळमळलं आणि डाव्या पोटरीत असा गोळा आला की रस्त्याच्या कडेला बसून लेकाकडून पाय ओढून घ्यावा लागला. काळ्या टी-शर्टवर पाठभर पांढरे ओघळ उमटले होते. अंगातलं मीठ असं बाहेर पडत होतं आणि मी वरून नुसतं पाणी ओतत होते. त्याने रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं.

तर आदल्या रात्रीच बाटली तयार करा. अर्ध्या लिटरला चहाच्या चमच्याने तीन सपाट चमचे साखर, पाव चमचा मीठ, अर्धं लिंबू. मोजून घाला, ‘अंदाजे चिमूटभर’ करत मीठ जास्त पडलं की तेच पाणी मळमळवतं. आणि रात्रीच करा हो. पहाटे पाचला चमचा शोधत बसलात की ते राहिलंच, माझं तसंच राहिलं होतं. लिंबू नसेल तर कोकमाचं आगळ पाण्यात घाला, त्यात मीठ असतंच. अमृतकोकम नव्हे, ते गोड. ओआरएसची, म्हणजे जुलाबात देतात ती मीठ-साखरेची पुडी घेणार असाल तर तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण घाला, आणि पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का बघा. गोड पेयांच्या खोक्यांवरून ‘ओआरएस’ हा शब्द काढायचा आदेश एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ऑक्टोबर 2025 मध्ये दिला, तोवर मीही ती खोकी औषध समजून आणत होते.

रोज कचराळी तलावाभोवती चाळीस मिनिटं चालणाऱ्यांनी यातलं काही करू नये. साधं पाणी आणि नंतरचे पोहे पुरतात. मीठ हवं ते तासाच्या पुढे घाम निथळणार असेल तेव्हा. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, माझं ऐकू नका.

पुण्याचा भाऊ म्हणतो, एवढा काय घाम? त्याला ठाण्याची दमट हवा माहीत नाही. इथे घाम वाळतच नाही, नुसता गळतो, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. खारघरच्या मैदानात 16 एप्रिल 2023 ला नुसती उन्हात बसलेली माणसं उष्माघाताने गेली. त्यामुळे आठच्या आत खाली उतरा. पण फटफटायच्या आधी जंगलात शिरू नका. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच तो भाग, बिबटे आहेत.

उठल्यावर दोन पेले पाणी, घोटाघोटाने. मग वजन करा. हसू नका, परतल्यावर अंग पुसून पुन्हा करायचंय. एक किलो कमी म्हणजे साधारण एक लिटर घाम, वाटेत प्यालात ते त्यात मिळवायचं. परवा दीड तासात माझं 800 ग्रॅम उतरलं, वाटेत 600 मिलि प्याले होते, म्हणजे घाम जवळपास 1.4 लिटर. वजन वाढून परतलात तर जास्त प्यालात, गेल्या मे महिन्यातल्या माझ्यासारखं.

चढताना दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट. बाटलीतलं, मिठाचं! साध्या पाण्याची बाटली वेगळी ठेवा, तोंडावर मारायला. सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग कमी करा. उन्हाळ्यात नव्याने सुरू करणाऱ्यांनी पहिले दहा-चौदा दिवस सपाटीवर, थोडं थोडं वाढवत. एकदम येऊर नको. डोकं दुखून गरगरलं तर सावलीत बसा, खाली उतरायची घाई नको. कुणी असंबद्ध बडबडायला लागलं, शुद्ध हरपायला लागली तर थेट रुग्णालय.

आठवड्यातून दोनदा उठाबशा, चढ-उतार, जे जमेल ते. पोटऱ्यांचं मात्र चुकवू नका.

परतल्यावर सावली, पाणी, काहीतरी खारट. मिसळ चालेल. ओले मोजे काढा. बाटली लगेच धुवा, लिंबाचा वास बसतो.