लिनक्सवर पॉवर बटण ऐकत नाही? आधी ते कोणाच्या ताब्यात आहे ते बघा

पॉवर बटणाचं काम बदलायचं म्हटलं की नेटवर एकच सल्ला फिरतो: लॉगइनडीची (लॉगइन आणि पॉवर बटण सांभाळणाऱ्या, मागे चालणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइल उघडा, एक ओळ बदला, झालं. नाही होत. लोक फाइल बदलतात, मशीन रीस्टार्ट करतात, बटण दाबतात आणि समोर तीच जुनी ‘शटडाउन करू का’ची खिडकी. मग मला फोन. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतो. फाइलींची आणि कमांडची नावं इथे देवनागरीत आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.

आधी काय हवंय ते ठरवा. रविवार कारंजाच्या एका दुकानात सीपीयूचा डबा काउंटरखाली आहे आणि मालकांचा गुडघा दिवसातून एकदा तरी बटणाला लागतोच. तिथे ‘काहीच करू नको’ हेच बरोबर. घरच्या मशीनवर ‘आधी मला विचार’ चालेल. पण गनोम या डेस्कटॉपमध्ये (डेस्कटॉप म्हणजे लॉगइननंतरचा खिडक्या-मेनूंचा सगळा पसारा) या ‘विचार’ला एक खोच आहे: पॉवर ऑफच्या खिडकीत साठ सेकंदांची उलटी मोजणी चालू होते आणि कोणी उत्तर दिलं नाही तर मशीन स्वतःच बंद होतं. चहाला उठण्याआधी धक्का लागला असेल तर परत येईपर्यंत पडदा काळा.

आणि टेबलावरच्या पीसीवर ‘सस्पेंड’ (मशीन झोपवणं) ठेवू नका. सस्पेंडमध्ये उघडं काम रॅममध्येच असतं. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि यूपीएस नसेल तर वीज गेली की रॅम रिकामी. लिबरऑफिस आपणहून सुटकेची प्रत ठेवतं खरं, पण मूळ सेटिंगमध्ये दर दहा मिनिटांनी. मधलं काम गेलंच. लॅपटॉपला बॅटरी असते, तिथे सस्पेंड खुशाल ठेवा.

आता सेटिंग. डेस्कटॉपनुसार जागा वेगळी: मिंट सिनॅमनमध्ये पॉवर मॅनेजमेंट, गनोममध्ये सेटिंग्जमधलं पॉवर, केडीईत सिस्टम सेटिंग्जमधलं पॉवर मॅनेजमेंट, एक्सएफसीईत पॉवर मॅनेजरचा जनरल टॅब. पॉवर बटणासमोरचा पर्याय निवडा. बहुतेकांचं काम इथेच संपतं. त्यांनी फाइलींच्या वाटेला जाऊ नये.

ज्यांचं संपत नाही त्यांच्यासाठी पुढचं, आणि खरा गुंता इथेच आहे. मीही इथे बराच काळ चाचपडलोय. या एका बटणाला दोन कारभारी आहेत. पहिला सिस्टमडीचा (लिनक्स सुरू करून मागची कामं चालवणाऱ्या व्यवस्थेचा) लॉगइनडी. तो मुळापासून चालू असतो आणि बटण दाबलं की न विचारता मशीन बंद करायचं, ही त्याची मूळ सवय. दुसरा तुमचा डेस्कटॉप. तुम्ही लॉगइन करताच तो लॉगइनडीला कळवतो की आता हे बटण मी बघतो, तू मध्ये पडू नकोस. ही अडवणूक चालू आहे तोवर लॉगइनडीच्या फाइलीत काहीही लिहा, फरक पडणार नाही. फाइल चुकलेली नसते, त्या क्षणी तिला कोणी विचारतच नसतं.

म्हणून फाइलीला हात लावण्याआधी टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) ‘सिस्टमडी-इनहिबिट --लिस्ट’ चालवा. एक तक्ता येईल. त्यात ‘हँडल-पॉवर-की’ असलेली ओळ शोधा. शेजारी कोणत्या प्रोग्रॅमने ताबा घेतलाय ते दिसतं. गनोममध्ये ‘जीएसडी-मीडिया-कीज’ दिसेल, केडीईत ‘पॉवरडेव्हिल’. अशी ओळ असेल तर बटणाचा निर्णय डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये, नसेल तर लॉगइनडीच्या फाइलीत. हे न बघता दिलेला सल्ला मी ऐकूनच घेत नाही.

मग लॉगइनडीच्या फाइलीतल्या ‘पॉवरकीइग्नोअरइनहिबिटेड’ला ‘यस’ करा असं सांगणारे भेटतात. नाव ऐकून वाटतं, हाच रामबाण. पण ही सेटिंग फक्त शटडाउन, स्लीप, आयडल अशा वरच्या पातळीच्या अडवणुकींसाठी आहे. बटणाचा थेट घेतलेला ताबा लॉगइनडी नेहमीच मानतो, तुम्ही ‘यस’ लिहा की ‘नो’. उलट ‘यस’मुळे नुकसानच होऊ शकतं: एखादं अपडेट चालू आहे, त्याने शटडाउन अडवून धरलंय, आणि डेस्कटॉप नसताना बटणाला हात लागला, तर ती अडवणूकही धुडकावली जाईल. हात लावू नका.

लॉगइनडीची फाइल मग लागते कधी? बटण डेस्कटॉपच्या ताब्यात नसतं तेव्हा. डेस्कटॉपच नसलेलं मशीन, ताबा न घेणारा लॉगइनचा पडदा, किंवा कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या, नुसत्या अक्षरांच्या कन्सोलवर गेलात ती वेळ. शेवटच्या प्रसंगात डेस्कटॉप मागे चालू असतो, पण त्याचं सेशन (तुमचं चालू लॉगइन) समोर नसल्याने त्याचा ताबा धरला जात नाही. ‘सेटिंगमध्ये “काहीच नको” ठेवलं तरी कधीकधी बंद पडतं’ ही तक्रार असेल तर बहुतेक वेळा कारण यातलंच. काउंटरखालच्या डब्यासाठी म्हणून दोन्हीकडे सांगून ठेवावं लागतं.

मूळ फाइलीत खाडाखोड करू नका. काही नव्या डिस्ट्रोंत (लिनक्सच्या प्रकारांत) ती ईटीसीमध्ये, म्हणजे सिस्टमच्या सेटिंगांच्या फोल्डरात, सापडतही नाही. ईटीसीतल्या सिस्टमडी फोल्डरात ‘लॉगइनडी.कॉन्फ.डी’ नावाचा फोल्डर करा, त्यात ‘.कॉन्फ’ने संपणारी फाइल. पहिल्या ओळीत चौकोनी कंसात ‘लॉगइन’, दुसऱ्या ओळीत ‘हँडलपॉवरकी=इग्नोअर’. हँडल, पॉवर, की हे तीन शब्द जोडून, प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल, कंसातल्या ‘लॉगइन’चंही. ‘इग्नोअर’ मात्र सगळं लहान अक्षरांत. कंसाची ओळ विसरलात तर खालची ओळ वाचलीच जात नाही. दुसरीकडून ओळ चिकटवली असेल तर सुरुवातीचं हॅशचं चिन्ह काढलंय ना, तेही बघा.

यानंतर लॉगइनडी सर्व्हिस रीस्टार्ट करा असंही कोणी सांगेल. चालू डेस्कटॉपवर ते केलंत तर सेशन कोसळून उघडं काम जाऊ शकतं. सरळ सगळं सेव्ह करा आणि मशीन रीबूट करा.

तपासणी सोपी. डेस्कटॉपवर बटण हलकेच दाबा, मग कन्सोलवर जाऊन पुन्हा दाबा. कन्सोलवर मशीन बंद झालं तर फाइल वाचली गेली नाही. ‘सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ कॅट-कॉन्फिग सिस्टमडी/लॉगइनडी.कॉन्फ’ चालवलं की कोणकोणत्या फाइली जमेस धरल्या ते दिसतं. आणि गनोमच्या लॉगइन पडद्याची गोष्ट वेगळी. तो स्वतःचं वेगळं सेशन चालवतो, बटणही त्याच्याच ताब्यात, तुमची सेटिंग त्याला लागू नाही. मी ते तसंच सोडतो, तिथे कोणाचं काम उघडं नसतं.

बटण चारेक सेकंद दाबून धरलं तर मात्र मशीन बंदच होणार. ते हार्डवेअर करतं, लिनक्सला कोणी विचारत नाही. दुकानातल्या त्या गुडघ्याबद्दल एवढंच म्हणेन की डबा काउंटरखाली फिरवून बटणाची बाजू भिंतीकडे केली, तर यातलं काहीच करावं लागत नाही.