देश बदलून खेळताय? या चुका टाळा

पासपोर्ट हातात आला की नव्या देशाची जर्सीही मिळाली, हा समज सगळ्यात महागात पडतो. नागरिकत्व सरकार देते; त्या देशाकडून खेळण्याची पात्रता मात्र त्या खेळाचा जागतिक महासंघ ठरवतो, आणि ऑलिंपिकचे नियम त्याहून निराळे. 800 मीटर धावणारा, मूळचा केनियाचा विल्सन किपकेटर 1995 मध्ये डेन्मार्कचे नागरिकत्व नसतानाच डेन्मार्ककडून विश्वविजेता झाला. ऑलिंपिकला मात्र नागरिकत्वच लागते. ते वेळेत मिळाले नाही आणि ऐन भरात असताना 1996 चे अटलांटा ऑलिंपिक त्याच्या हातून गेले.

मुदत चुकीच्या तारखेपासून मोजणे

ऑलिंपिकच्या नियम 41 नुसार जुन्या देशाकडून शेवटचे खेळल्यानंतर किमान 3 वर्षे जावी लागतात. पासपोर्टवरची तारीख इथे कामाची नाही. दोन्ही देशांच्या ऑलिंपिक समित्या आणि खेळाचा महासंघ राजी असतील तर ही मुदत कमी किंवा माफ होऊ शकते. म्हणूनच जुन्या संघटनेशी भांडून बाहेर पडू नका. पुढे तिचीच संमती मागायची वेळ येते. ॲथलेटिक्समध्ये 2018 पासून 3 वर्षांची प्रतीक्षा, किमान 20 वर्षे वय आणि बदल एकदाच, असा नियम आहे. बास्केटबॉलमध्ये वयाच्या 16 वर्षांनंतर नागरिकत्व मिळालेला एकच खेळाडू संघात चालतो. पात्र असूनही जागा नसेल, हे आधीच विचारून घ्या.

‘तो सामना किरकोळ होता’

फुटबॉलपटू मुनीर अल हद्दादी सप्टेंबर 2014 मध्ये स्पेनकडून पात्रता फेरीच्या एका सामन्यात काही मिनिटेच खेळला. तेवढ्याने मोरोक्कोचा दरवाजा त्याला 2021 पर्यंत बंद राहिला. फिफाने 2020 मध्ये नियम सैल केला, पण अटी सगळ्या एकत्र पाळाव्या लागतात: मुख्य संघाकडून मैत्रीपूर्ण सामने धरून जास्तीत जास्त 3 सामने; जुन्या देशाकडून शेवटचा अधिकृत (म्हणजे मैत्रीपूर्ण नसलेला) सामना 21 वर्षे पूर्ण होण्याआधी; मुख्य संघाच्या शेवटच्या सामन्यानंतर 3 वर्षे; विश्वचषकाच्या किंवा खंडीय करंडकाच्या मुख्य स्पर्धेत (पात्रता फेरी सोडून) एकही सामना नाही. शिवाय जुन्या देशाकडून पहिला अधिकृत सामना खेळताना नव्या देशाचे नागरिकत्व आधीच असायला हवे. ही शेवटची अट बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

रग्बीत तर फ्रान्सचा 20 वर्षांखालील संघ हाच दुसरा राष्ट्रीय संघ म्हणून नोंदलेला होता. त्यामुळे त्यात खेळलेले फ्रान्सशी बांधले गेले होते. अशांना स्पेनने उतरवले आणि 2018 मध्ये गुण गमावले. वयोगटातला प्रत्येक सामना तारखेसह लिहून काढा.

वास्तव्य अंदाजाने मोजणे

फुटबॉलमध्ये जन्म किंवा आई-वडील, आजी-आजोबांचा जन्म यांतून नाते नसेल तर 18 वर्षांनंतर आलेल्याला सलग 5 वर्षे राहावे लागते. रग्बीत 60 महिने. बोलिव्हियाने फुटबॉलमध्ये अशी 5 वर्षे न भरलेला खेळाडू उतरवला. 2016 मध्ये पेरू आणि चिली यांच्याविरुद्धचे दोन्ही सामने 0-3 ने हरल्याचे धरले गेले. ये-जा केल्याचे शिक्के, भाडेकरार, कर आणि बँकेचे कागद यांवरून दिवसांचा तक्ता करा. मूळ पासपोर्ट संघटनेला दाखवा, नुसती झेरॉक्स पाठवू नका: फेरफार केलेल्या पासपोर्टच्या प्रतीमुळे स्पेन 2023 च्या रग्बी विश्वचषकाबाहेर फेकला गेला. शिक्षा खेळाडूपुरती राहत नाही, सगळ्या संघाला भोगावी लागते.

जुने नागरिकत्व आधी सोडणे

भारत, चीन, जपान यांसारख्या देशांत स्वेच्छेने दुसरे नागरिकत्व घेतले की पहिले संपते. महासंघाचे पात्रतेचे उत्तर लेखी हातात येईपर्यंत नागरिकत्वाबाबतचा असा निर्णय घेऊ नका, परत फिरणे फार अवघड असते.

शंका उरली तर

मैदानात उतरू नका. फुटबॉलमध्ये बदलाचा अर्ज खेळाडू नव्हे, नवी संघटना करते; तिला जन्मदाखले, सामन्यांची यादी आणि वास्तव्याचा तक्ता एकत्र द्या. नकार आला तर स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे जाता येते. महासंघाने वेगळी मुदत दिली नसेल तर निर्णय मिळाल्यापासून 21 दिवसांत अपील दाखल व्हायला हवे.