मूत्रपिंडाचा आजार: तपासणीत आणि उपचारांत या चुका टाळा

जत-आटपाडीपासून तासगावपर्यंतच्या गावांतून लोक मोठ्या दवाखान्यासाठी मिरज गाठतात. मूत्रपिंडाच्या आजारात मात्र ते अनेकदा फार उशिरा निघतात, आणि या उशिरामागे पैशांच्या अडचणीइतकाच गैरसमजांचाही वाटा असतो. किडनी बिघडली तर कंबर दुखेल, हा त्यांतील सर्वांत रुळलेला समज. मुतखडा किंवा जंतुसंसर्ग असल्यास कुशीत कळा येतात हे खरे, परंतु मधुमेहाने वा उच्च रक्तदाबाने वर्षानुवर्षे झिजणारे मूत्रपिंड सहसा दुखत नाही. ‘लघवी साफ होते, मग किडनीला काय झाले?’ हा युक्तिवादही फसवा आहे, कारण आजार बराच पुढे गेला तरी लघवीचे प्रमाण टिकून राहू शकते.

दुसरी चूक रिपोर्ट वाचताना होते. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ, याचा आकडा छापील मर्यादेत दिसला की कागद कपाटात जातो. वास्तविक क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते, त्यामुळे त्याचा अर्थ वय आणि लिंग विचारात घेऊन लावावा लागतो. 1.2 हा आकडा पंचविशीतल्या तरुणाचा असेल, तर गाळणक्षमता, म्हणजे ईजीएफआर, सुमारे 85 येते. तोच आकडा सत्तर वर्षांच्या आजींचा असेल, तर ती पन्नाशीच्या खाली जाते. म्हणून रिपोर्टवर ईजीएफआर नसेल तर डॉक्टरांना तो काढून मागावा. त्याहून अधिक दुर्लक्षित तपासणी लघवीची आहे. मधुमेहात क्रिएटिनिन वाढण्याच्या पुष्कळ आधी लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जाऊ लागते, आणि अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर 30 च्या वर गेले की सावध व्हावे लागते. माझ्या मते मधुमेह्याने वर्षातून एकदा ही तपासणी टाळणे, ही या यादीतली सर्वांत महागडी चूक आहे. अर्थात ताप, लघवीचा संसर्ग किंवा जड कष्टांनंतर हे प्रमाण तात्पुरते वाढू शकते, म्हणून एकाच रिपोर्टवरून घाबरूही नये. बिघाड तीन महिन्यांहून अधिक काळ टिकला, तरच त्याला दीर्घकालीन आजार म्हणतात. सोनोग्राफी मूत्रपिंडाचा आकार, खडा आणि अडथळा दाखवते. ती ‘नॉर्मल’ आली म्हणजे कार्यही ठीक आहे, असे होत नाही.

वेदनाशामक गोळ्यांविषयी स्पष्टच लिहिले पाहिजे. ऊसतोडीच्या किंवा द्राक्षबागेच्या कामात दिवसभर ऊन लागते, पाणी कमी पडते, संध्याकाळी अंग मोडून येते आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय डायक्लोफिनॅक घेतले जाते. शरीरात पाणी कमी असताना अशी गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवते. घटक न लिहिलेल्या पुड्या आणि भस्मे यांबाबतही हीच खबरदारी हवी, कारण त्यांत जड धातू किंवा छुपे वेदनाशामक असू शकतात.

उपचार सुरू झाल्यावरची चूक निराळी असते. रक्तदाबाच्या काही गोळ्या मूत्रपिंडाचे रक्षणही करतात आणि सुरुवातीला क्रिएटिनिन थोडे वाढवतात. ही वाढ तीस टक्क्यांच्या आत असेल तर सहसा चालते, पण रुग्ण घाबरून गोळी परस्पर बंद करतो. उलट जुलाब-उलट्या होत असताना हीच गोळी तात्पुरती थांबवावी लागू शकते. दोन्ही वेळा निर्णय डॉक्टरांना विचारूनच व्हावा. खाण्यापिण्यात ‘नारळपाणी थंड असते, किडनी धुऊन निघते’ हा सल्ला सर्रास मिळतो. मूत्रपिंड क्षीण झालेल्या माणसाच्या रक्तात त्याने पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते. ‘कमी सोडियम’चे मीठही पोटॅशियमयुक्त असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

शेवटी डायलिसिस. हेमोडायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करणे, सामान्यतः आठवड्यातून तीनदा, सुमारे चार तासांचे असते, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याचा समावेश आहे. ‘वेळ आली की बघू’ म्हणून हातावरील फिस्च्युलाची (डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून केलेल्या मार्गाची) शस्त्रक्रिया पुढे ढकलली, तर ऐनवेळी मानेत नळी घालावी लागते आणि संसर्गाचा धोका वाढतो, कारण फिस्च्युला वापरण्याजोगा होण्यास किमान सहा आठवडे, अनेकदा त्याहून अधिक काळ लागतो. त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये आणि तपासणीसाठी सुईही टोचू देऊ नये. घरातील जवळचा नातेवाईक मूत्रपिंड देण्यास तयार असेल, तर डायलिसिसची वाट न पाहता प्रत्यारोपणाची चौकशी आधीच सुरू करता येते.