चार्जर काढला की लॅपटॉप बंद: दुरुस्तीच्या टेबलावर नव्याने बसणाऱ्यांसाठी

आयटीआयचा ‘कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स’ ट्रेड करून किंवा एखादा हार्डवेअर कोर्स संपवून तुम्ही दुकानात कामाला लागलात, की पहिल्या काही दिवसांतच ही तक्रार समोर येते. “दादा, चार्जर काढला की लॅपटॉप बंद पडतो. बॅटरी गेलीय, नवीन टाकून द्या.” तक्रार आणि निदान एकाच दमात. बऱ्याचदा निदान बरोबरही असतं. पण प्रत्येक वेळी नसतं, आणि बॅटरी बदलूनही लॅपटॉप तसाच राहिला तर गिऱ्हाइकाचे हजारो रुपये वाया जातात. आपल्याकडे येणारे निम्मेअधिक लोक विद्यार्थी असतात. कुणाचा लॅपटॉप मोठ्या भावाकडून आलेला असतो, कुणी हप्त्यांवर घेतलेला असतो. त्यांच्यासाठी ही रक्कम किरकोळ नसते.

मी पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास हे काम शिकलो. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते काका स्क्रू ड्रायव्हरला हात लावण्याआधी एकच गोष्ट खोदून खोदून विचारायचे: “नेमका कधी बंद पडतो?” काढल्या क्षणी? पाच-दहा मिनिटांनी? व्हिडिओ कॉल लावला की? तेव्हा स्क्रीनवर किती टक्के दिसत होते? या उत्तरात अर्धं निदान असतं. लॅपटॉप कधी आणि कसा बंद पडतो ते नीट पाहणं हीच या कामातली पहिली विद्या आहे, असं मला आजही मनापासून वाटतं.

आधी ‘कसा बंद पडतो’ ते पाहू. दिवे, पंखा, स्क्रीन एकदम गेलं, तर वीजच तुटली. ‘शटिंग डाउन’ दिसून किंवा हायबरनेट होऊन (म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून) बंद पडला, तर विंडोजने स्वतः निर्णय घेतला, म्हणजे बॅटरी संपत आली आहे असं त्याला कुठून तरी कळलं. गिऱ्हाइकाला हे आठवत नसेल तर विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर हे नोंदी दाखवणारं साधन उघडा. सिस्टिम लॉगमध्ये कर्नल-पॉवर ४१ ही नोंद असेल, तर यंत्र रीतसर बंद न होता गेलेलं आहे. रीतसर शटडाउन झालं असेल तर सहसा १०७४ ही नोंद मिळते. दोन मिनिटांचं काम आहे, पण नवीन मुलं ते टाळतात आणि थेट मागचं झाकण काढायला घेतात.

त्यानंतर बॅटरी रिपोर्ट. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’ असं टाइप केलं, की विंडोज एक एचटीएमएल फाइल बनवून देतं. तिच्यात दोन आकडे पाहायचे: डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आज पूर्ण भरल्यावरची क्षमता). दोन्ही मिलीवॉट-अवरमध्ये असतात. डिझाइन ४१,००० आणि फुल चार्ज १५,००० असेल तर फार बोलायला नको, बॅटरीचा पॅक थकलेला आहे. मॅकवर हीच माहिती सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये पॉवरखाली मिळते. तिथे सायकल काउंटही, म्हणजे बॅटरी किती वेळा पूर्ण वापरून झाली तो आकडाही दिसतो आणि आजकालच्या बहुतेक मॅकबुकसाठी कंपनी १,००० सायकलींचा हिशेब धरते.

पण खरी परीक्षा तेव्हा होते जेव्हा रिपोर्ट चांगला येतो, स्क्रीनवर १०० टक्के दिसतात आणि तरीही चार्जर काढताच सगळं काळं होतं. इथे गोंधळायला होतं, म्हणून हा भाग सावकाश सांगतो.

टक्क्यांचा आकडा आणि प्रत्यक्ष वीज वेगवेगळ्या तारांवरून येतात. बॅटरी पॅकच्या आत एक छोटं सर्किट असतं, त्यातली गेज आयसी ही चिप सेलमध्ये किती प्रवाह आला-गेला याचा हिशेब ठेवते. हा हिशेब ती दोन बारीक तारांवरून बोर्डावरच्या एम्बेडेड कंट्रोलरला, म्हणजे वीज, चार्जिंग, कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपला कळवते. कारागीर त्याला नुसतं ‘आयओ’ म्हणतात. वीज येते ती जाड तारांवरून, कनेक्टरच्या कडेच्या दोन-तीन पिनांमधून. त्यामुळे डेटाच्या पिना ठीक आणि पॉवरच्या पिना जळलेल्या किंवा सैल असल्या, तर स्क्रीनवर १०० टक्के दिसत राहतात आणि बोर्डाला मात्र काहीच पोचत नाही. रॅम किंवा एसएसडी वाढवायला लॅपटॉप उघडला गेला आणि बॅटरीचा कनेक्टर पूर्ण बसला नाही, असंही बरेचदा घडतं. कोकणातून, मुंबईच्या किनारपट्टीवरून आलेल्या यंत्रांमध्ये पिनांवर हिरवट गंज दिसतो. खारी हवा आणि पावसाळा दोन्ही धातूला सोडत नाहीत. म्हणून “अलीकडे कुणी उघडला होता का? पडला होता का? पाणी-चहा सांडला होता का?” हे तीन प्रश्न जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर असायलाच हवेत.

कनेक्टर नीट असेल तर पुढची चाचणी सोपी आहे. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर बाजूला ठेवा आणि नुसत्या बॅटरीवर सुरू करून पाहा. सुरूच झाला नाही, तर बॅटरीची वीज बोर्डापर्यंत येत नाही. सुरू झाला, नीट चालला आणि फक्त चार्जर काढण्याच्या क्षणीच मरतो, तर संशय बोर्डाकडे वळवा. चार्जर निघताच पुरवठा अ‍ॅडॉप्टरवरून बॅटरीवर वळवण्याचं काम चार्जिंग आयसी आणि तिच्या हुकमाखालचे मॉस्फेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, करतात. रेल्वेचे सांधे बदलावेत तसं हे वळण असतं, फक्त डोळ्याचं पातं लवण्याच्या कितीतरी आधी व्हावं लागतं. त्यात थोडा उशीर झाला तरी बोर्डाच्या मुख्य वीजवाहिनीचं (तिला ‘रेल’ म्हणतात) व्होल्टेज कोसळतं आणि यंत्र बंद. हे चिप लेव्हलचं, म्हणजे बोर्डावरची एकेक चिप तपासून बदलण्याचं काम आहे. स्कीमॅटिक (सर्किटचा आराखडा) आणि बोर्डव्ह्यू (कुठला भाग बोर्डावर कुठे आहे तो नकाशा) वाचता येईपर्यंत तिथे गरम हवेची गन फिरवू नका, वरिष्ठांकडे द्या. पण ‘दोष बोर्डात आहे, बॅटरीत नाही’ इथवर तुम्ही स्वतः पोचू शकता, आणि नव्या माणसाने इथवर पोचणं ही फार मोठी गोष्ट आहे. तुमच्या या एका ओळीमुळे गिऱ्हाईक नको ती बॅटरी विकत घेण्यापासून वाचतं. दुकानात त्याच मॉडेलची चालू बॅटरी असेल तर ती लावून पाहणं हा सगळ्यात पक्का पुरावा.

एक सावधगिरी. सुटी बॅटरी हातात घेऊन मल्टीमीटर लावला आणि शून्य व्होल्ट आलं, म्हणून ती मेली असं ठरवू नका. बऱ्याच पॅकमध्ये ‘आपण लॅपटॉपला जोडलेलो आहोत’ हे ओळखणारी एक वेगळी पिन असते. ती जोडली जात नाही तोवर आतलं सर्किट बाहेर वीज सोडतच नाही. चांगल्या बॅटऱ्या केवळ या कारणाने भंगारात जाताना मी पाहिल्या आहेत, आणि ते पाहून दरवेळी वाईट वाटतं.

आता दुसरा प्रकार: लिहिण्या-वाचण्यापुरता चालतो, पण झूम लावलं किंवा एखादं जड सॉफ्टवेअर उघडलं की ४० टक्क्यांवर धाडकन बंद. यामागचं गणित एकदा कागदावर मांडून पाहा, मग आयुष्यभर विसरणार नाही. लिथियम-आयन सेल भरलेला असताना ४.२ व्होल्टचा असतो, सरासरी ३.७ चा धरतात, आणि साधारण ३ व्होल्टच्या खाली गेला की संपला समजतात. तीन सेल एकापुढे एक जोडले की ११.१ व्होल्ट. लॅपटॉपने ३० वॅट ओढले तर साधारण २.७ अँपिअर प्रवाह. सेल जुना होतो तसा त्याचा अंतर्गत रोध वाढतो. समजा पूर्ण पॅकचा रोध १ ओहम झाला, तर या प्रवाहाला २.७ व्होल्ट आतच खर्च होतात. बाहेर उरतात ८.४, म्हणजे सेलमागे २.८. गेज ४० टक्के म्हणत असली तरी संरक्षण सर्किट वीज तोडून टाकतं. शिवाय लॅपटॉपला वॅट तेवढेच हवे असतात, त्यामुळे व्होल्टेज पडलं की तो अँपिअर वाढवतो, अँपिअर वाढले की व्होल्टेज आणखी पडतं. म्हणून हे बंद पडणं इतकं अचानक असतं. तीनपैकी एकच सेल कमजोर असला तरी हेच होतं.

हे ओळखायची युक्ती म्हणजे बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर जाऊन चार्जर काढणं. तिथे विंडोज नाही, ड्रायव्हर नाहीत, काही तपासायचं राहिलं तर ते फक्त हार्डवेअर. बायोसमध्येही तत्काळ बंद पडला तर बॅटरी, कनेक्टर किंवा बोर्ड. तिथे आरामात चालला आणि विंडोजमध्ये कामाचा भार पडल्यावर गेला, तर थकलेला पॅक. अशा वेळी कुणाकडे बॅटरीचे पैसे महिनाभर नसतील तर थोडी मदत करता येते. पॉवर ऑप्शन्समध्ये बॅटरीवरचा मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के केला की टर्बो (प्रोसेसरने थोडा वेळ घेतलेला जादा वेग) बंद होतो आणि प्रवाहाचे झटके कमी होतात. ब्राइटनेसही उतरवून द्या. प्रोसेसरचा हा पर्याय सगळ्या यंत्रांवर दिसत नाही, आणि हा इलाजही तात्पुरताच. पण परीक्षेचे दिवस असतील तर तेवढाही उपयोगी पडतो. विशेषतः गावाकडे, जिथे लोडशेडिंगमध्ये वीज जाते आणि अर्धवट लिहिलेला प्रोजेक्ट त्यासोबत जातो.

टक्के भराभर खाली येत असतील, म्हणजे ९० वरून थेट ७, तर कधीकधी गेजचा हिशेब चुकलेला असतो. पूर्ण चार्ज, मग बंद पडेपर्यंत वापर, मग पुन्हा सलग पूर्ण चार्ज, असं केल्याने तो जुळतो. मात्र कॅलिब्रेशनने सेल तरुण होत नाहीत, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. ‘६० किंवा ८० टक्क्यांपुढे चार्ज होत नाही’ हा दोष नव्हे, बहुतेक कंपन्यांच्या ॲपमध्ये बॅटरी जपण्यासाठी ती मर्यादा घालता येते. आणि ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ दिसलं तर चार्जर पाहा. डेल, एचपीच्या गोल पिनेच्या मध्ये जी बारीक सुई असते, ती वाकली-तुटली तर लॅपटॉप चार्जर ओळखत नाही. यंत्र चालतं, बॅटरी मात्र भरत नाही, आणि काढला की बंद. दोष चार्जरचा, बदनाम बॅटरी.

आता फुगलेल्या बॅटरीबद्दल, आणि इथे मला थोडं कडक बोलायचं आहे. टचपॅड वर आलाय, क्लिक होत नाही, झाकण नीट मिटत नाही, टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप डुगडुगतो, यांपैकी काहीही दिसलं तर चार्जर लावून ‘चालतोय का बघू’ असं म्हणू नका. आत वायू साठलेला असतो. दिवसभर चार्जिंगला लावलेला, विदर्भातल्या उन्हाळ्यात बंद खोलीत गादीवर ठेवलेला लॅपटॉप हा याचा ठरलेला बळी. अशी बॅटरी काढताना स्क्रू ड्रायव्हरने उचकायची नाही, वाकवायची नाही, टोचायची तर मुळीच नाही. आत शॉर्ट झालं तर जी आग लागते ती विझवणं अतिशय अवघड असतं. प्लॅस्टिकची पातळ पट्टी वापरा, घाई करू नका, काढल्यावर टर्मिनलवर टेप लावा आणि जळाऊ वस्तूंपासून दूर, वाळू असलेल्या धातूच्या डब्यात ठेवा. दुकानाच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात ती टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती वेगळी ठेवून अधिकृत गोळा करणाऱ्याकडेच द्यावी लागते. हे शेठनी सांगितलं नाही तरी तुम्ही करा.

हत्यारांचं थोडक्यात. सुरुवातीला एक बरा मल्टीमीटर, चांगल्या पोलादाचे स्क्रू ड्रायव्हर, प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि चिमटा पुरेसा आहे, बेंच पॉवर सप्लाय (हवं ते व्होल्टेज देणारं टेबलावरचं यंत्र) नंतर. स्क्रू ज्या भोकातून निघाला त्याच जागी ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. लांब स्क्रू आखूड जागेत पिळला की तो बोर्डाचे थर फोडतो, आणि तो दोष दुरुस्त होत नाही. उघडल्यावर कुठल्याही भागाला हात लावण्याआधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. आणि त्याही आधी, झाकण उघडण्यापूर्वी, गिऱ्हाइकाला विचारा: “डेटाचा बॅकअप आहे का?”

बॅटरी बदलायचीच ठरली तर आकार बघून घेऊ नका. जुन्या पॅकवरचा पार्ट नंबर जुळवा, व्होल्टेज जुळवा. ११.१ आणि ११.४ चे पॅक सारखे दिसतात, पण दुसऱ्यातले सेल जास्त व्होल्टेजला भरण्यासाठी बनवलेले असतात. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि आयएस १६०४६ हा क्रमांक आहे का बघा, उत्पादनाची तारीख बघा. दोन वर्षं गोदामात पडून राहिलेली ‘नवीन’ बॅटरी नवीन नसते. ओरिजिनल नसेल, कंपॅटिबल (दुसऱ्या कंपनीची, पण त्या मॉडेलला चालणारी) असेल, तर तसं स्पष्ट सांगा आणि बिलावर लिहा.

मग पूर्ण चार्ज करा, पुन्हा बॅटरी रिपोर्ट काढा. गिऱ्हाईक घ्यायला आलं की त्याच्यासमोर एक व्हिडिओ लावा, ब्राइटनेस पूर्ण करा आणि चार्जर काढण्याचं काम त्यालाच करू द्या. पंधरा-वीस मिनिटं तो तसाच चालू द्या, तोवर बिल होतं. नव्या बॅटरीची फुल चार्ज कपॅसिटी आणि तारीख जॉबशीटवर टिपून ठेवा. वॉरंटीत लॅपटॉप परत आला, तर त्या आकड्याशी तुलना करून लगेच कळतं की पॅक खरोखर घसरलाय की दोष दुसरीकडेच आहे.