दोन अगदी भिन्न विकसनशील देशांची तुलना कशी करावी : बांगलादेश आणि बोलिव्हियाच्या आधारे

दोन देशांची तुलना करायला बसले की बहुतेक जण आधी तक्ता आखतात. एका रकान्यात एक देश, शेजारच्या रकान्यात दुसरा, आणि खाली क्षेत्रफळ, लोकसंख्या, चलन, भाषा, धर्म, मुख्य पिके अशा ओळी. तक्ता भरून होतो. मात्र त्यातून नवे काही हाती लागत नाही, कारण हे देश एकमेकांपासून वेगळे आहेत एवढे तर तक्ता आखण्यापूर्वीही ठाऊक होते. तक्त्याला उपयोग आहे, पण तो नंतर. आधी प्रश्न ठरवावा लागतो, आणि तो असा असावा की दोन्ही देशांना सारख्याच गांभीर्याने विचारता येईल.

उदाहरणासाठी बांगलादेश आणि बोलिव्हिया ही जोडी घेऊ. एक देश समुद्रसपाटीला जवळजवळ टेकलेला आणि माणसांनी गच्च भरलेला. दुसऱ्याचे शासन ज्या शहरातून चालते ते ला पास सुमारे ३,६०० मीटर उंचीवर, आणि देशाला समुद्रकिनारा नाही. तरीही जागतिक बँकेच्या वर्गवारीत हे दोन्ही देश निम्न-मध्यम उत्पन्न गटात बसतात, आणि दोघांच्याही निर्यातीचा भार दीर्घकाळ एकदोन वस्तूंवर राहिला आहे. एवढे साम्य तुलनेला पुरते. म्हणून आपला प्रश्न असा ठरवू : एकदोन वस्तूंवर जगणारा देश त्या वस्तूंच्या आधारे आपल्या सामान्य माणसाचे जिणे किती आणि कोणत्या वाटेने सुधारू शकला? भूगोल, अर्थव्यवस्था आणि संस्कृती या तिन्ही अंगांना हा प्रश्न स्पर्श करतो. जो प्रश्न एकाच अंगापाशी थांबतो, तो बदलावा.

सुरुवात भूगोलापासून

बांगलादेशाचे क्षेत्रफळ सुमारे १.४८ लाख चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या १७ कोटींच्या आसपास आहे. बोलिव्हियाचे क्षेत्रफळ सुमारे ११ लाख चौरस किलोमीटर, तर २०२४ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १.१३ कोटी आहे. भागाकार केला तर एका चौरस किलोमीटरवर बांगलादेशात ११०० हून अधिक आणि बोलिव्हियात जेमतेम दहा माणसे येतात. हा आकडा ठळक आहे, पण त्यावर थांबू नये, कारण सरासरी नेहमीच काहीतरी झाकते. बेनी हा बोलिव्हियाचा एकच विभाग संपूर्ण बांगलादेशापेक्षा मोठा आहे आणि तेथे पाच लाखांच्या आसपास लोक राहतात. उलट ला पास-एल आल्तो, कोचाबांबा आणि सांता क्रूझ या तीन नागरी पट्ट्यांत देशाच्या लोकसंख्येचा मोठा हिस्सा एकवटला आहे. म्हणून देशाची सरासरी लिहिली की तिच्याखाली देशातील सर्वांत दाट आणि सर्वांत विरळ भागाची नोंद करण्याची सवय लावून घ्यावी.

त्यानंतर जमीन माणसाला काय करायला लावते ते पाहावे. यमुना, म्हणजे ब्रह्मपुत्रेचा बांगलादेशातील मुख्य प्रवाह, दरवर्षी काठ कापते आणि दुसरीकडे गाळाची नवी बेटे उभी करते; त्यांना तेथे ‘चर’ म्हणतात. या चरांवर राहणारी कुटुंबे घराच्या भिंती आणि छप्पर पन्हळी पत्र्यांचे अशा रीतीने करतात की काठ खचू लागला की ते पत्रे उतरवून होडीत रचता येतात आणि दुसऱ्या चरावर पुन्हा उभे करता येतात. भूगोलाच्या परिच्छेदात एवढे एक दृश्य नीट आले, तर नद्यांची नावे आणि लांबी देणाऱ्या दहा ओळींची गरज उरत नाही. जी कुटुंबे जमिनीच्या तुकड्यावर कायमची विसंबू शकत नाहीत, त्यांना शेतीबाहेरची मजुरी किती निकडीची वाटत असेल, हेही त्यातून उमगते.

बोलिव्हियाच्या बाबतीत हेच काम समुद्राचा अभाव करतो. १८७९ ते १८८४ या काळात चिलीशी झालेल्या युद्धात बोलिव्हियाने आपला किनारा गमावला, आणि १९०४ च्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. हा विषय तेथे आजही जिवंत आहे : दरवर्षी २३ मार्चला समुद्रदिन पाळला जातो आणि देशाचे नौदल तितिकाका सरोवरात व नद्यांत वावरते. समुद्राकडे वाट मिळावी यासाठी चिलीने वाटाघाटी केल्याच पाहिजेत, हा बोलिव्हियाचा दावा आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१८ मध्ये फेटाळला. तुलनाकाराला यातून आर्थिक धागा मिळतो. अँडीज ओलांडून परक्या बंदरापर्यंत माल न्यायचा असेल, तर वजनाच्या मानाने मोलाची वस्तू परवडते, जसे चांदी, कथील, सोने, किंवा मग वाहिनीतून शेजारी देशात जाणारा नैसर्गिक वायू. स्वस्त सदरा ठरल्या तारखेला दूरच्या दुकानात पोहोचवायचा असेल, तर बांगलादेशाच्या चट्टोग्रामसारखे (चितगाव) स्वतःचे बंदर असणे फार मोठी सोय ठरते.

मात्र येथे सावध राहावे. भूगोलाने सगळे आधीच ठरवून टाकले होते असे लिहिण्याचा मोह होतो आणि तो टाळलाच पाहिजे. चट्टोग्रामचे बंदर शतकानुशतके होते, तरी तयार कपड्यांचे कारखाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस उभे राहू लागले. देश गारमेंट्स या कंपनीने दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार करून शंभरहून अधिक कामगार प्रशिक्षणासाठी तिकडे पाठवले; शिवाय त्या काळच्या जागतिक वस्त्रव्यापारात श्रीमंत देश इतर निर्यातदारांवर कोटा, म्हणजे किती माल घ्यायचा याची मर्यादा, लावत होते, त्यामुळे खरेदीदार नव्या देशांच्या शोधात होते. वादळांचेही तसेच आहे. १९७० च्या चक्रीवादळात किमान तीन लाख माणसे दगावली. २००७ च्या ‘सिडर’ या भीषण वादळातील बळी काही हजार होते. किनारा तोच होता. मधल्या काळात निवारे, इशारा देण्याची यंत्रणा आणि स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले होते. भूगोलाच्या प्रत्येक विधानापुढे ‘मग हे त्याच वेळी का घडले?’ असे विचारावे.

आकडा कसा तयार झाला ते पाहिल्याशिवाय वापरू नये

अर्थव्यवस्थेच्या भागात सर्वाधिक चुका होतात, आणि त्या बहुधा आकडे चुकीचे असल्यामुळे होत नाहीत. दोन आकड्यांची जात वेगळी असल्यामुळे होतात. बांगलादेशाचे आर्थिक वर्ष जुलै ते जून असते, तर बोलिव्हियाचे राष्ट्रीय उत्पन्न जानेवारी ते डिसेंबर असे मोजले जाते. बांगलादेशाने २०२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाचे आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती धरून हिशेब होतो ते वर्ष, २००५-०६ वरून २०१५-१६ केले आणि अर्थव्यवस्थेचा आकार कागदावर एकदम वाढला. जुन्या मालिकेतील एक आणि नव्या मालिकेतील एक वर्ष जोडून वाढीचा दर काढला तर तो निरर्थक ठरतो. २०२२ च्या जनगणनेचा प्राथमिक आकडा सुमारे १६.५ कोटी होता, आणि राहून गेलेल्या लोकांचा हिशेब धरल्यावर तो १६.९८ कोटी झाला. दरडोई उत्पन्न काढताना यांपैकी कोणता आकडा घेतला ते लिहिले पाहिजे.

बोलिव्हियाच्या बाजूला अडचण विनिमय दराची आहे. २०११ पासून दीर्घकाळ अधिकृत दर एका डॉलरला ६.९६ बोलिव्हियानो असा स्थिर ठेवला गेला. २०२३ पासून डॉलरची टंचाई जाणवू लागली आणि खुल्या बाजारातील दर अधिकृत दरापासून दूर गेला. त्यामुळे त्या वर्षांचे डॉलरमधील दरडोई उत्पन्न प्रत्यक्षापेक्षा भरघोस दिसते. अशा वेळी क्रयशक्तीवर, म्हणजे त्या पैशात देशात प्रत्यक्ष किती वस्तू येतात यावर, आधारित आकडा सोबत ठेवावा.

विषमतेची तुलना तर फारच जपून करावी. दक्षिण आशियातील पाहण्यांत घरखर्च मोजण्याची प्रथा आहे आणि लॅटिन अमेरिकेत उत्पन्न मोजण्याची. उत्पन्नापेक्षा खर्चातील तफावत सहसा कमी दिसते. दोन्ही देशांचे गिनी गुणांक (विषमतेचे माप; आकडा जितका मोठा तितकी विषमता अधिक) शेजारी ठेवून बांगलादेशात समता अधिक आहे असे म्हणणारा लेखक कदाचित बरोबरही असेल, पण त्या दोन आकड्यांवरून त्याला तसे म्हणता येणार नाही.

आकड्यांची जात जुळली की मूळ प्रश्नाकडे यावे. बांगलादेशाच्या मालनिर्यातीत तयार कपड्यांचा वाटा चार-पंचमांशाहून अधिक आहे, आणि या उद्योगात सुमारे ४० लाख लोक काम करतात, त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. म्हणजे निर्यातीचा पैसा घरात येतो तो पगाराच्या रूपाने, आणि अनेकदा तरुण मुलीच्या हातून. वायूच्या उद्योगाला इतके हात लागतच नाहीत. बोलिव्हियात तो पैसा आधी सरकारी तिजोरीत जातो. इव्हो मोरालेस यांच्या सरकारने १ मे २००६ रोजी तेल-वायू क्षेत्राच्या राष्ट्रीयीकरणाचा आदेश काढला. त्याच वर्षी शाळकरी मुलांसाठी आणि २००८ मध्ये वृद्धांसाठी रोख मदतीच्या योजना सुरू झाल्या. राष्ट्रीय दारिद्र्यरेषेखालील लोकांचे प्रमाण २००६ मधील सुमारे ६० टक्क्यांवरून २०१९ मध्ये सुमारे ३७ टक्क्यांवर आले.

दोन्ही वाटांची दुबळी बाजू तितक्याच तपशिलाने लिहावी, नाहीतर तुलना एका देशाची वकिली होते. पगाराच्या वाटेवर कामगाराचा जीव स्वस्त होऊ शकतो : २४ एप्रिल २०१३ रोजी सावर येथील राणा प्लाझा ही कपड्यांचे कारखाने असलेली इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे मेली, आणि आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसूनही कामगारांना आत पाठवले गेले होते. तिजोरीच्या वाटेवर वस्तूचा भाव किंवा साठा घटला की सगळेच आटते. बोलिव्हियाने हे १९८५ मध्ये कथिलाचा बाजार कोसळला तेव्हा भोगले, आणि २०१४ नंतर वायूचे उत्पादन उतरू लागले तेव्हा पुन्हा.

या टप्प्यावर एखादा आकडा अपेक्षेविरुद्ध जाणारा मिळाला तर तो सर्वांत मोलाचा समजावा. आपल्या जोडीत तो आयुर्मानाचा आहे. दरडोई उत्पन्नात बोलिव्हिया पुढे असूनही अपेक्षित आयुर्मान बांगलादेशात अधिक आहे : सुमारे ७४ वर्षे, तर बोलिव्हियात सुमारे ६८. कारणांचा शोध घेताना १९८० च्या दशकातील एक मोहीम समोर येते. ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघरी जाऊन आयांना अतिसारावरचे पाणी स्वतः करून दाखवायला लावत : तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढे मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. दाट वस्तीमुळे एक कार्यकर्ती दिवसात अनेक घरे गाठू शकत असे. जी दाटी जमिनीच्या दृष्टीने ओझे होती, तिचाच येथे उपयोग झाला, हा माझा तर्क आहे आणि तो तर्क म्हणूनच मांडावा; बोलिव्हियातील विखुरलेल्या डोंगरी वस्त्यांपर्यंत आरोग्यसेवा नेण्याचा खर्च त्याच्या शेजारी ठेवून तपासावा.

संस्कृती शोभेपुरती नको

पोशाख, सण आणि खाद्यपदार्थ यांची यादी शेवटी जोडणे म्हणजे संस्कृतीचा अभ्यास नव्हे. संस्कृती कोठे प्रत्यक्ष काम करते ते शोधावे. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात बांगला भाषेसाठी विद्यार्थ्यांनी प्राण दिले, आणि त्या आंदोलनातून जागलेली अस्मिता १९७१ च्या स्वतंत्र राष्ट्रापर्यंत पोहोचली. बोलिव्हियाच्या २००९ च्या संविधानाने स्पॅनिशबरोबर ३६ मूलनिवासी भाषांना अधिकृत दर्जा दिला आणि देशाला बहुराष्ट्रीय राज्य म्हटले. एका ठिकाणी एका भाषेने राष्ट्र घडवले, दुसरीकडे राष्ट्राने अनेक भाषांना मान्यता दिली, असे लिहून थांबणे सोपे आहे. पण मग चट्टोग्रामच्या डोंगराळ भागातील चाकमा आणि मारमा समाज कोठे बसतात, आणि १९९७ मध्ये तेथे शांतता करार का करावा लागला, हे विचारणे भाग आहे. बोलिव्हियाच्या बाजूनेही असाच खोडा आहे : स्वतःला मूलनिवासी म्हणवणाऱ्यांचे प्रमाण २००१ च्या जनगणनेत सुमारे ६२ टक्के होते आणि २०१२ मध्ये सुमारे ४१ टक्के. दरम्यान प्रश्नाची शब्दरचना बदलली होती. ओळख हीसुद्धा मोजली जाते, आणि मोजण्याची रीत तिथेही तपासावी लागते.

श्रम आणि श्रद्धा जिथे भेटतात तेथे जरा थांबावे. बोलिव्हियातील पोतोसीच्या सेरो रिको डोंगरात १५४५ पासून चांदी काढली गेली. आजही खाणीत उतरणारे कामगार आत बसवलेल्या ‘तिओ’ या खाणीच्या दैवताच्या मूर्तीपुढे कोकाची पाने, मद्य आणि पेटवलेली सिगारेट ठेवतात, कारण जमिनीखालचे सगळे त्याच्या मालकीचे मानले जाते. साडेचार शतकांहून अधिक काळ जीवघेण्या कामावर जगलेल्या समाजाचा धातूशी असलेला संबंध त्या मूर्तीत दिसतो, आणि वायूच्या राष्ट्रीयीकरणाला तेथे एवढा भावनिक पाठिंबा का मिळाला, हे समजायलाही त्याची मदत होते.

लेखन करताना देशांप्रमाणे दोन भाग पाडू नयेत. प्रत्येक परिच्छेदात एक मुद्दा घ्यावा आणि त्यात दोन्ही देश आणावेत. एखाद्या मुद्द्यावर एका देशाबद्दल सांगण्यासारखे बरेच आणि दुसऱ्याबद्दल थोडेच असेल, तर तेवढेच लिहावे, ओढूनताणून समतोल साधू नये. मसुदा झाला की प्रत्येक वाक्यातील देशाचे नाव काढून तिसऱ्या कोणत्याही विकसनशील देशाचे नाव घालून पाहावे. ‘हा देश वैविध्यपूर्ण असून त्याच्यासमोर अनेक आव्हाने आहेत’ हे वाक्य कोठेही बसते, म्हणून ते खोडावे. ‘काठ खचला की चरावरची माणसे घराचे पत्रे होडीत घालतात’ हे वाक्य बोलिव्हियाच्या पठारावर बसत नाही, ते ठेवावे. शेवटी प्रत्येक आकड्यापुढे त्याचे वर्ष आणि मोजणारी संस्था लिहावी. मगच सुरुवातीला बाजूला ठेवलेला तक्ता भरावा, आणि त्यात फक्त त्याच ओळी घ्याव्यात ज्यांचा मजकुरात प्रत्यक्ष उपयोग झाला आहे.