या चुका टाळा: फाइलमध्ये लिहिताना बफर कुठे तारतो, कुठे बुडवतो

पावसाळ्यातली संध्याकाळ होती. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका गावातून दूध संकलन केंद्राच्या सेक्रेटरींचा फोन आला. "सर, लाईट गेली नि आली. कॉम्प्युटर चालू केला, तर आजची फाइल कोरीच हाय की ओ."

प्रोग्राम माझाच होता. शेतकऱ्याचा कोड आणि नाव, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), दर, रक्कम अशी एकेक ओळ पायथन भाषेतल्या प्रोग्राममधून फाइलमध्ये जायची. फाइल पाहिली तर शून्य बाइट. मग हिशेब मांडला. एक ओळ साधारण १२० बाइटची. तिथल्या पायथनचा बफर, म्हणजे लिहायचा मजकूर आधी साठवायची मेमरीतली जागा, ८१९२ बाइटचा. त्यात ६८ ओळी मावतात. त्या संध्याकाळी दूध घालून गेलेले शेतकरी ६१. अख्खं संकलन मेमरीतच बसून होतं, एकही ओळ बाहेर पडलेली नव्हती. शेतकऱ्यांच्या हातात छापील पावत्या होत्या म्हणून निभावलं. दुसऱ्या सकाळी त्या गोळा करून नोंदी पुन्हा भरल्या. एरवी दहा दिवसांच्या बिलात त्यांचं त्या वेळचं दूध धरलंच गेलं नसतं, आणि ते माझ्यामुळे.

बफर मीच घातला होता आणि त्याला कारणही होतं. केंद्रातला इलेक्ट्रॉनिक काटा सतत आकडे पाठवत राहतो. बिघाड शोधता यावा म्हणून तो प्रत्येक आकडा मी वेगळ्या लॉग फाइलमध्ये लिहीत होतो, तेही दर वेळी फाइल उघडून, लिहून, बंद करून. जुना कॉम्प्युटर त्यानं रांगू लागला. म्हणून मी बफर लावला, पण लॉगला आणि शेतकऱ्यांच्या नोंदींना एकच औषध दिलं. चूक तिथे झाली.

प्रोग्राम फाइलमध्ये काही लिहायला सांगतो तेव्हा तो स्वतः डिस्कला हात लावत नाही. तो 'राइट' हा सिस्टिम कॉल करतो, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, कर्नेलला, ते काम सांगतो. प्रोसेसर कर्नेलच्या बाजूला जातो, परवानगी आणि पत्ता तपासला जातो, मजकूर कर्नेलच्या मेमरीत उतरवला जातो आणि मग परत यायचं. पाच बाइट न्या किंवा पाच हजार, या फेरीचा ठरलेला खर्च सुटत नाही. शेतकरी तीन लिटर घेऊन आला म्हणून टेम्पो लगेच डेअरीकडे धावत नाही. ४० लिटरचे कॅन भरतात, मग टेम्पो हलतो. ६० बाइटच्या दहा लाख ओळी एकेक करून लिहिल्या तर दहा लाख कॉल होतात. ८१९२ बाइटच्या बफरातून त्याच ओळी ७३२५ कॉलमध्ये जातात. पण भरलेला कॅन केंद्रातच ठेवून दिला तर दूध नासतं, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

आधी मोजा

पुष्कळ जण न मोजताच बफर वाढवत सुटतात. लिनक्सवर 'एसट्रेस' नावाचं साधन आहे. त्याला 'सी' हा पर्याय दिला की कोणता कॉल किती वेळा झाला याचा तक्ता मिळतो. प्रोग्राममध्ये अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) असतील तर 'एफ' हा पर्यायही जोडा. फाइलच्या एकूण बाइटना 'राइट'च्या संख्येनं भागा. सरासरी पन्नास-शंभर बाइट येत असेल तर बफर नाहीच, किंवा कुणीतरी तो दर ओळीला रिकामा करतंय. सरासरी ४०९६ किंवा ८१९२ च्या आसपास असेल तर बफरिंग आधीच चालू आहे, दुखणं दुसरीकडे शोधा. मात्र एसट्रेसखाली प्रोग्राम स्वतःच मंद होतो, म्हणून त्यातले कॉलचे आकडे घ्या, वेळेवर विसंबू नका.

दर ओळीला बफर रिकामा करणारा बहुतेक वेळा आपल्याच कोडमध्ये सापडतो. सी प्लस प्लसमध्ये ओळ संपवायला 'एन्डल' वापरायची सवय कॉलेजात लागते. तो नुसती नवी ओळ टाकत नाही, बफरही रिकामा करतो. त्याजागी साधं नव्या ओळीचं चिन्ह वापरलं की मोठ्या फाइलवर फरक लगेच दिसतो. पायथनमध्ये प्रत्येक 'प्रिंट'ला 'फ्लश', म्हणजे बफर रिकामा करायचा आदेश, जोडणं हीही तीच गत.

उलट टोकाची चूक म्हणजे १०० एमबीचा बफर. एका बाइटवरून आठ हजारांवर जाताना फायदा प्रचंड मिळतो. ६४ केबीच्या पुढे तो फारसा उरत नाही, आणि प्रोग्राम पडला तर बुडणारा मजकूर मात्र तेवढ्यानं वाढतो.

कॅन दोन ठिकाणी असतात

ही गोष्ट मला उशिरा उमगली. पहिला बफर प्रोग्रामच्या मेमरीत असतो. 'फ्लश' केलं की मजकूर तिथून कर्नेलच्या पेज कॅशमध्ये जातो आणि तोही मेमरीतच असतो. लिनक्स तो आपल्या सवडीनं डिस्कवर उतरवतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये दर पाच सेकंदांनी पाहणी होते आणि तीस सेकंदांपेक्षा जुना झालेला मजकूर लिहायला घेतला जातो.

म्हणून आधी विचारा, काय मरणार आहे? नुसता प्रोग्राम मेला तर पहिल्या कॅनमधलं जातं, पेज कॅशमधलं वाचतं. लाईट गेली आणि यूपीएस नसेल तर दोन्ही जातात. जांबोटी-कणकुंबीच्या मुसळधार पावसाच्या पट्ट्यात जुलैमध्ये एक संध्याकाळ काढलेल्याला दुसरी शक्यता कागदावरची वाटणार नाही. तिथे 'फ्लश'नंतर 'एफसिंक' लागतोच. हा कॉल मजकूर डिस्कवर पोचल्याशिवाय परतत नाही. जुन्या फिरत्या डिस्कवर त्याला काही मिलिसेकंद जातात. काट्याच्या सतत येणाऱ्या प्रत्येक आकड्यावर तो लावला तर मशीन बसेल. साठ-सत्तर शेतकऱ्यांच्या नोंदींवर लावला तर कुणाला कळणारही नाही.

"टर्मिनलवर दिसतंय, फाइलमध्ये नाही"

ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते. सी आणि पायथन दोन्हीकडे आउटपुट टर्मिनलवर जात असेल तर ओळ संपली की बफर रिकामा होतो. तेच आउटपुट फाइलकडे किंवा पाइपमधून दुसऱ्या प्रोग्रामकडे वळवलं की पूर्ण बफर भरेपर्यंत काहीच बाहेर येत नाही. प्रोग्राम अडकलाय असं समजून लोक तो मारतात, आणि होतं नव्हतं तेही जातं. लॉग चालू असतानाच वाचायचा असेल तर ओळीगणिक बफरिंग निवडा. पायथनमध्ये फाइल उघडताना 'बफरिंग'ला १ दिलं की टेक्स्ट फाइलसाठी ते मिळतं. सीमध्ये 'सेटव्हीबफ' आहे, पण तो त्या फाइलवरच्या पहिल्या लिखाणाआधी बोलवावा लागतो. त्याला फंक्शनच्या आतला तात्पुरता अ‍ॅरे देऊ नका. फंक्शन संपलं की ती जागा दुसऱ्याची होते आणि फाइलमध्ये कचरा उतरतो.

बंद करताना होणारे घात

गो भाषेत 'बुफिओ'चा रायटर शेवटी आपण होऊन रिकामा होत नाही, 'फ्लश' बोलवावाच लागतो. तो 'डिफर'मध्ये (फंक्शन संपताना करायच्या कामांत) ठेवून पुढे 'ओएस एक्झिट' केलं तर डिफर चालतच नाही आणि शेवटचा तुकडा हरवतो. रस्टचा 'बफरायटर' जाताजाता स्वतःला रिकामा करतो, पण त्या वेळची चूक गिळून टाकतो, म्हणून तिथेही हातानं 'फ्लश' करून उत्तर तपासा. पायथन प्रोग्रामला 'टर्म' हा थांबायला सांगणारा सिग्नल आला आणि तुम्ही तो हाताळला नसेल तर बफर तसाच जातो. सर्व्हिस थांबवल्यावर लॉगचं शेपूट तुटतं ते बहुधा यामुळे.

डिस्क भरली असेल तर लिहिण्याचा कॉल यशस्वी वाटतो, कारण मजकूर फक्त बफरात गेलेला असतो. चूक दिसते ती रिकामं करताना किंवा बंद करताना. सीमध्ये 'एफक्लोज'चं उत्तर न तपासणारा कोड मी मोजता येणार नाही इतक्या ठिकाणी पाहिला आहे.

दोघांनी एकाच फाइलमध्ये लिहिणं

आमच्याकडे नावं मराठीत आणि कन्नडमध्ये येतात. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत दोन्ही लिप्यांचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. बफर अक्षरं ओळखत नाही, बाइट मोजतो. ४०९६ ला तीननं नेमका भाग जात नाही. त्यामुळे बफर भरतो तेव्हा ओळच काय, अक्षरही मधोमध तुटू शकतं. एकच प्रोग्राम लिहीत असेल तर पुढचा तुकडा येऊन ते जुळतं. दोन प्रोग्राम एकाच फाइलमध्ये बफर करून लिहीत असतील तर मध्ये दुसऱ्याचा तुकडा घुसतो आणि नावाच्या जागी चौकोन दिसू लागतात. लोक फॉन्ट बदलत बसतात. प्रत्येक प्रोग्रामला आपली फाइल द्या, किंवा लिहिणारा एकच ठेवा.

याचंच भावंड म्हणजे 'फोर्क', म्हणजे चालू प्रोग्रामनं स्वतःची दुसरी प्रत, 'मूल', काढणं. बफरात मजकूर असताना फोर्क केलं तर त्याची प्रत मुलाकडेही जाते, दोघंही ती रिकामी करतात आणि ओळी दुप्पट होतात. फोर्कआधी 'फ्लश' करा.

त्या केंद्रात आता काट्याचा लॉग ६४ केबीच्या बफरातून जातो आणि दर पाच सेकंदांनी रिकामा होतो. शेतकऱ्याच्या प्रत्येक ओळीनंतर 'फ्लश', मग 'एफसिंक', आणि त्यानंतरच पावती छापली जाते. बसवून दिलं त्या दिवशी दहा खोट्या नोंदी केल्या आणि प्रोग्राम 'किल नाइन'नं, म्हणजे त्याला काही आवरायची संधी न देता, मारला. दहाही सापडल्या. मग आणखी दहा केल्या आणि सेक्रेटरींना सांगितलं, आता प्लगच उपटा. त्यांनी दोनदा विचारलं, "खरंच काढू काय ओ?" मशीन पुन्हा चालू झाल्यावर त्यांनी स्वतः फाइल उघडली आणि बोट ठेवून मोजली. वीस ओळी होत्या.