घरात दुसरा कुत्रा आणताय? या चुका टाळा

रविवारी संध्याकाळी नवा कुत्रा घरी आणू नका. सोमवारी सकाळी सगळे लोकल पकडायला पळतात आणि दोन अनोळखी कुत्रे वन रूम किचनमध्ये एकमेकांसमोर कोंडलेले राहतात. दुपारी शेजाऱ्यांची तक्रार येते आणि संध्याकाळी मला फोन येतो, कारण कुत्री दत्तक द्यायचं काम मी करते. वाक्य ठरलेलं: "आमचा मोती इतका प्रेमळ आहे हो, असं कसं केलं त्याने?" मोती माणसांशी प्रेमळ आहे. त्याच्या खाटेखाली दुसरं कुणी येऊन बसलं तर तो काय करेल, हे आजवर कुणी पाहिलेलंच नसतं.

सगळ्यात जास्त वाट लागते ती दारात. मुलुंडच्या एका घरी नव्या कुत्रीचं औक्षण करायचं ठरलं. जुना लॅब्रडॉर नऊ वर्षांचा, घरात कायम एकटाच वाढलेला. नवी गावठी, जेमतेम वर्षाची, लिफ्टमध्ये पहिल्यांदाच चढलेली. उंबरठ्यावर ताम्हण घेतलेल्या वहिनी, त्यांच्यामागे मोबाइल धरलेली पोरं आणि लॅबला कॉलरला धरून उभे असलेले काका. कुत्रीच्या पाठीला लिफ्टचं बंद दार, पुढे माणसंच माणसं. तिने शेपूट पोटाखाली घेतलं, ओठ चाटले, मान वळवली. लॅब गुरगुरला, तर काकांनी "गप रे" म्हणत कॉलर आणखी आवळली. पुढचं सगळं व्हिडिओत आहे: निरांजन जिन्यात, कुंकू भिंतीवर आणि सोडवायला मध्ये घातलेला काकांचा हात दातांत. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची, तर तिच्यावर हळद दाबली. मग रेबीजच्या इंजेक्शनांच्या फेऱ्या. कुत्री त्याच रात्री माझ्याकडे परत.

पहिली भेट घराबाहेरच घडवा. पण मुंबईत "बाहेर" म्हणजे कुठे, तेही बघा. तुमची गल्ली तिथल्या भटक्यांची असते. तिथे दोघांना नेलंत तर दोनाचे सहा होतात. मी पहाटे साडेपाचला, जुन्याच्या रोजच्या फेरीत न येणारा एखादा रिकामा रस्ता धरते. दोन कुत्रे, दोन माणसं, मध्ये रस्त्याची रुंदी, तोंडं एकाच दिशेला. समोरासमोर आणायचं नाही. पट्टा सैल ठेवायचा, कारण तो ताणला की कुत्राही ताणतो. दोघं इकडेतिकडे हुंगायला लागले की अंतर थोडं कमी करायचं. कधी हे एका फेरीत जमतं, कधी आठवडा जातो. आठवडा म्हटलं की लोकांचे चेहरे पडतात. अशांनी फिशटँक घ्यावा.

घरात नव्याला आधी न्या, रिकामं घर हुंगू द्या, जुना तोवर खालीच थांबू दे. नंतर तो वर आला की उंबरठा राखायला उभा राहत नाही. लिफ्टमध्ये दोघांना एकत्र कोंबू नका.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे गुरगुरण्यावर ओरडणं. गुरगुरणं ही सूचना आहे. ती मार देऊन बंद केलीत तर पुढच्या वेळी कुत्रा सूचना न देता चावतो. मी ओरडत नाही, मधलं अंतर वाढवते. आणि "सोडा हो, आपापसात मिटवतील" म्हणणाऱ्या शेजाऱ्याला टाके घालायच्या वेळी डॉक्टरकडे सोबत न्या.

जेवण वेगळ्या खोल्यांत. एकच खोली असेल तर एक गॅलरीत. हाडं, चघळायच्या काड्या, लाडका बॉल आधीच उचलून ठेवा. तुम्ही घरी नसताना मध्ये बंद दार हवं. कापडी पडदा म्हणजे दार नव्हे.

जुंपलीच तर मध्ये हात घालू नका. बादलीभर पाणी, वर टाकलेली चादर किंवा मध्ये सरकवलेली खुर्ची.

पिल्लू आणत असाल तर आधी डॉक्टर. पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जीवावर बेतणाऱ्या उलट्या-जुलाबांच्या संसर्गाची, लक्षणं दिसायला साधारण आठवडा, कधी दोन आठवडे लागतात, म्हणून तितके दिवस पिल्लाची भांडी आणि अंथरूण वेगळं. जुन्याची लस राहिली असेल तर ती आधी. साध्या फिनाइलने पार्व्होचा विषाणू मरत नाही, ब्लीच लागतं: एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी. पावसाळ्यात गोचिडीही तपासा, कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत.

पालिकेचा परवाना दर कुत्र्यामागे वेगळा लागतो. रेबीजच्या लसीचं कार्ड हाताशी ठेवा. पहिली तक्रार झाली की सोसायटीचे सेक्रेटरी तेच मागतात.